चौथा खांब

पट्टीबाईला तुम्ही पाहिलं नसेल, पण तिचा आकडा रोज ऐकला असेल. सकाळच्या बातम्यांत हवामानाच्या आधी ‘जलाशयाची आजची पातळी’ म्हणून जो सांगतात ना, तो तिचा. निवेदिका तो असा काही सांगते की जणू पहाटे उठून स्वतःच तलावात उतरून आली आहे. पट्टीबाईचं नाव कुणी घेत नाही. तिला त्याचं काही नव्हतं. आकडा बरोबर सांगितला की झालं, असं तिचं म्हणणं. मात्र चुकीचा सांगितला तर खैर नाही. एकदा एका बातमीदाराने ‘साधारण सहा मीटर’ असं छापलं, तर ही बया दोन बस बदलून त्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. म्हणाली, “साधारण म्हणजे काय हो? तुमचं लग्न साधारण झालंय का?” बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली.

शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठावर, उतारावर, एकाखाली एक असे चार खांब आहेत. प्रत्येकावर मीटरभर लांबीची पांढरी पट्टी, तिच्यावर सेंटिमीटरच्या काळ्या खुणा. तलाव भरलेला असला की पहिला खांब वाचायचा, उतरला की दुसरा, मग तिसरा. चौथ्यावर वेळ आली की समजायचं, शहराचं काही खरं नाही. रोज सकाळी सात वाजता पाणी पट्टीला कुठं टेकलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि पाणीखात्याच्या साहेबांना फोन करायचा. एवढंच काम. आधी तिचा नवरा करायचा. तो हृदयविकाराने अचानक गेला आणि त्याच्या जागेवर ती लागली, त्याला आता एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत तिने एक सकाळ चुकवली नाही. ताप असो, सासऱ्यांचं आजारपण असो, मुलीचं बाळंतपण असो, सात वाजता बाई खांबापाशी हजर. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा ती आकडा घेऊन आली आणि मग रडायला बसली. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

आता त्या दिवसाची गोष्ट. दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलं होतं. शहरात पाणी एक दिवसाआड येत होतं, त्यालाही तीन आठवडे होत आले होते. दुपारी तीन वाजता पालिकेची सभा होती आणि त्या सभेत काय होणार हे सगळं पट्टीबाईच्या आकड्यावर होतं. पालिकेने ठरवूनच टाकलं होतं: सभेच्या दिवशी पातळी साडेचार मीटरच्या खाली असली, तर त्याच दिवसापासून पाणी दर चौथ्या दिवशी. शिवाय, ज्या इमारतींचं जोतं, म्हणजे पायावरचा चौथरा, अजून झालेलं नाही त्यांची कामं बंद. जोतं झालं असेल त्यांनी खुशाल पुढं बांधावं. बाकीच्यांनी तलाव अर्धा भरेपर्यंत हात बांधून बसावं. आणि पातळी साडेचारच्या वर असली, तर विषय पुढच्या महिन्यावर. साडेचारच्या खाली पातळी गेली तरच तळाचं पाणी उपसणारे तरंगते पंप मागवायचे, असंही त्यातच होतं.

आणि पट्टीबाईच्या धाकट्या दिराच्या इमारतीचं जोतं व्हायला अजून आठ दिवस होते.

हा दीर म्हणजे तिचा जीव की प्राण. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती आणि हा नऊ वर्षांचा होता. त्या शेंबड्या पोराला ती रीतसर ‘अहो भाऊजी’ म्हणायची आणि त्याच दमात त्याचा कान पिळायची. शाळेत त्याचं डोकं चाललं नाही. हात मात्र चांगला चालायचा. गवंड्याच्या हाताखाली राहून तो गवंडी झाला, मग मिस्त्री. वीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारती बांधल्यावर यंदा पहिल्यांदा एक चार मजली काम पूर्ण त्याच्या अंगावर मिळालं होतं. हाताखाली बावीस माणसं. पाया भरून झाला होता, खांबांच्या सळया जमिनीच्या वर आल्या होत्या. रोज संध्याकाळी तो वहिनीकडे यायचा आणि पाय धुवायच्या आधी विचारायचा, “आज किती?”

त्या सकाळी चौथ्या खांबावर चार मीटर त्रेसष्ट होतं. तिने वहीत लिहिलं, साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, “छान. म्हणजे आज काही होत नाही. जपून जा घरी.” तिलाही हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, फार हायसं वाटलं. हे महिनाभर ढकललं की भाऊजींचं जोतं होतंय, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पंपाची खोली तिथून हाकेच्या अंतरावर. ती वळणार तोच पंपवाला दारात येऊन उभा राहिला. म्हातारा माणूस, बोलणं कमी, एका कानाने बहिरा.

“पट्टीबाई, पंप खोकतोय,” तो म्हणाला.

“जाळीत शेवाळ अडकलं असेल.”

“जाळी मघाशी काढून धुतली. पाण्याबरोबर हवा धरतोय तो.”

“काहीतरीच काय! आज चार त्रेसष्ट आहे. चार पंचेचाळीसच्या आत आल्याशिवाय तो हवा धरत नाही. गेल्या दुष्काळात तुम्हीच सांगितलं होतं मला.”

“मला नका सांगू. पंपाला सांगा,” असं म्हणून म्हातारा आत गेला.

पट्टीबाई तिथंच उभी राहिली. आतून पंपाचा आवाज येत होता. एकसारखा नव्हता, मध्येच अडखळायचा, मग पुन्हा धरायचा. आणि एकदम तिला ते पाच दिवस आठवले.

दोन आठवड्यांपूर्वीचे ते पाच दिवस असे होते. पाणी तिसऱ्या खांबाच्या बुडाशी आलं तेव्हा तिथं गाळ साचलेला होता. पाच चौदापर्यंत पट्टी दिसली, पुढची गाळात गडप. चौथ्या खांबाचं डोकं बरोबर पाच मीटरवर, पण ते अजून पाण्याखाली होतं. अशा वेळी पातळी मोजणारी सगळी माणसं करतात तेच तिने केलं. पाणी रोज चार सेंटिमीटर उतरत होतं, म्हणून तिनेही रोज चार वजा केले. पाच दहा. पाच सहा. पाच दोन. चौथ्या दिवशी खांबाने डोकं वर काढायला हवं होतं. नाही काढलं. पाचव्या दिवशी नाही. सहाव्या दिवशी नाही. ती गुडघाभर चिखलात उभी राहून बघायची आणि पाणी आपलं सपाट. मग तिने काय केलं? खांब खोटं बोलणार नाही, आपलाच हिशोब जास्त धावला असेल, असं धरून आकडा थोपवून ठेवला. पाच दोन, पाच एक, पाच एक, पाच, पाच. नवव्या दिवशी खांबाचं डोकं दिसलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की विचारू नका. बघा, जुळलं की नाही!

नेमकं त्याच्या आदल्याच आठवड्यात पाणी एक दिवसाआड सुरू झालं होतं. पातळी थांबली म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी ‘नागरिकांच्या बचतीला यश’ असं मोठ्या अक्षरांत छापलं. साहेबांची पाठ थोपटली गेली, साहेबांनी तिची थोपटली. मग पुन्हा रोज चार सेंटिमीटर उतरायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले, ऊन वाढलंय. तीही म्हणाली, ऊन वाढलंय.

तलावाच्या काठावर बसून तिने वही उघडली आणि पाच चौदापासून रोजचे चार वजा करत आजपर्यंत आली. चार बेचाळीस. तिने पुन्हा केलं. पुन्हा चार बेचाळीस. तिने वही मिटली आणि दिराला फोन लावला.

“आज किती, वहिनी?” त्याने फोन उचलताच विचारलं.

“चार त्रेसष्ट सांगितलंय.”

“वा! तुमच्या तोंडात साखर पडो!”

“भाऊजी, तुमची लेव्हलची नळी घेऊन तलावावर या. आत्ता.”

“आत्ता? सिमेंटचा माल कालवलाय इकडे. कशाला पण?”

“या म्हटलं ना!”

तो अर्ध्या तासात आला. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, कपड्यांवर सिमेंट, चेहरा प्रश्नचिन्हासारखा. गवंड्यांची ही नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं, मग मध्ये भिंत असो की खड्डा. कुणाच्या बापाला ती फसवत नाही. त्याने डब्यातलं पाणी भरलं, नळी झटकून बुडबुडे काढले. ती तिसऱ्या खांबापाशी उभी राहिली आणि नळीतलं पाणी पाच वीसच्या खुणेवर धरलं. तो भेगाळलेल्या चिखलातून पाण्यात उतरून चौथ्या खांबापर्यंत गेला, एका काठीला नळीचं टोक बांधलं आणि टेप लावली. खांबाचं डोकं पाचवर, म्हणजे तिथून नळीतल्या पाण्यापर्यंत वीस सेंटिमीटर यायला हवे होते.

“किती?” ती ओरडली.

त्याने टेप काढून पुन्हा लावली.

“अहो किती?”

“एकेचाळीस.”

त्यांनी नळी रिकामी करून पुन्हा भरली. पुन्हा एकेचाळीस. मग त्याने तिला खाली पाठवलं आणि स्वतः वर उभा राहिला, कारण आपल्या डोळ्यांत धूळ गेली असेल असं त्याला वाटलं, किंवा वाटावं अशी त्याची इच्छा होती. तिसऱ्यांदाही एकेचाळीस. चौथा खांब जागेपेक्षा एकवीस सेंटिमीटर खाली होता. चांगली वीतभर. म्हणजे पट्टीबाई रोज शहराला वीतभर पाणी जास्त सांगत होती.

दीर चौथ्या खांबासमोर पाण्याच्या कडेला येऊन उकिडवा बसला. तो पाण्याबाहेर दिसणाऱ्या खांबाच्या डोक्याकडे बघत होता.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“हा खांब खचलाय ते. त्याच वेळी.”

नऊ वर्षांपूर्वीच्या दुष्काळात जुना चौथा खांब सडून मोडला होता. नवा बसवायचं काम पट्टीबाईनेच साहेबांच्या मागे लागून दिराला मिळवून दिलं होतं, स्वतःच्या नावावरचं त्याचं ते पहिलंच काम. संध्याकाळी त्याने खांब अगदी बरोबर बसवला. ती स्वतः उभी होती. पण खाली नुसता चिखल. रात्रीतून ओल्या काँक्रीटसकट खांब वीतभर खचला. सकाळी त्याने पाहिलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पाणी खांबाच्या बुडाला लागलं होतं आणि पुन्हा खणायचं तर सगळं काम फुकट. त्याने इकडे तिकडे पाहिलं, बुडाशी चार फावडी माती ओढली आणि घरी गेला. दोन दिवसांत खांब बुडाला.

“मला वाटलं, तिथवर पाणी पुन्हा कशाला जातंय,” तो म्हणाला. “आणि मग विसरलोच हो. देवाशपथ विसरलो.”

पट्टीबाईच्या डोक्यात तिडीक गेली. दोन थोबाडीत द्याव्यात असं तिला वाटलं, बेचाळीस वर्षांच्या घोड्याला. पण हात उचलायच्या आधी तिला तिची वही दिसली. पाच दोन, पाच एक, पाच एक, पाच, पाच.

“तुम्ही एकदा माती ओढलीत,” ती म्हणाली. “मी पाच दिवस ओढली.”

 खोलीतून पंपाचं अडखळणं ऐकू येत होतं.

मग त्याने हळूच विचारलं, “आणखी कुणाला माहितीय?”

“कुणाला नाही.”

“मग आठ दिवस, वहिनी. आठच दिवस. जोतं झालं की मी स्वतः येऊन सांगतो, माझं नाव घेऊन सांगतो. आज सांगितलंत तर माझी बावीस माणसं उद्यापासून रस्त्यावर. अर्धी तर तान्ही मुलं घेऊन साइटवरच राहतात.”

“पंपाला पाच दिवस आहेत.”

“म्हणजे?”

“चार वीसला तो पूर्ण बंद पडतो. आज चार बेचाळीस. रोज चार उतरतंय. करा हिशोब. तरंगते पंप यायला पंधरा दिवस लागतात आणि ते ठराव झाल्याशिवाय कुणी मागवत नाही. आज पाणी चौथ्या दिवसावर नेलं तर रोजचं उतरणं दीडवर येईल, कसेबसे पंधरा दिवस निघतील. नाही नेलं तर सहाव्या दिवशी टेकडीवर थेंब चढत नाही. इस्पितळ टेकडीवर आहे, भाऊजी.”

“टँकरने देतील की!”

“कुठून भरून?”

तो चिडला. “तुम्हाला काय जातंय बोलायला?” असं म्हणाला. आयुष्यात वहिनीशी तो असं बोलला नव्हता. “तुम्हाला आकडा पाहिजे बरोबर, बस. माणसं मेली तरी चालतील!” त्याने नळी गुंडाळली, तीही धड नाही, तिच्यातलं पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं. गाडीला तीन लाथा मारल्या तेव्हा ती सुरू झाली. त्याचं बोलणं तिला लागलं. 

साहेबांना तिने दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते बैठकीत होते. दुसऱ्यांदा त्यांनी अर्धंच ऐकलं. “बाई, आज नको हे. कागद छापून झालेत. पुढच्या आठवड्यात सर्व्हेवाल्यांना पाठवतो, ते बघतील काय ते,” असं म्हणून फोन ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या टेबलावर ‘बचतीला यश’च्या कात्रणाची चौकट होती.

मग ती बसने निघाली. अंगावर सकाळचेच कपडे, पायांना चिखल वाळलेला. वाटेत दोनदा तिला वाटलं, उतरावं आणि घरी जावं. आपण शहराचा ठेका घेतलाय का? बिनपगारी, बिननावाची बाई आपण सभेत जाऊन काय सांगणार? बरं, बिनपगारी नव्हती ती, पण रागात माणूस काहीही म्हणतो. बस पालिकेपुढे थांबली आणि तिचे पाय आपोआप उतरले.

सभागृह गच्च भरलं होतं. एका बाजूला टेकडीच्या वस्तीतल्या बायका रिकामे डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला बांधकामवाले, मोठे ठेकेदार पुढे, छोटे मागे. मागच्या रांगेत तिचा दीर होता. त्याने तिला पाहिलं आणि नजर खाली घातली.

साहेबांनी उभं राहून वाचलं, “आजची पातळी चार मीटर त्रेसष्ट.” बांधकामवाल्यांनी बाकं वाजवली. अध्यक्ष म्हणाले, “मग प्रश्नच मिटला. विषय पुढच्या...”

“आकडा चुकीचा आहे!”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पट्टीबाईला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

“तुम्ही कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“तो आकडा सांगणारी.”

एकच गलका उडाला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. अध्यक्षांनी घंटी वाजवून वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि तिला पुढे बोलावलं. तिने सांगितलं. खांब वीतभर खचलेला, खरी पातळी चार बेचाळीस, पंप सकाळपासून हवा धरतोय, त्याच्याकडे पाच दिवस आहेत. आणि मग त्या पाच दिवसांचे आकडे, ते आपण मनाने लिहिले, हेही सांगितलं. हे सांगताना तिची मान खाली गेली. लिहिलेला आकडा आपण घडवला होता, हे वाक्य बोलणं तिला मरणासारखं होतं.

अध्यक्षांनी तिथूनच पंपाच्या खोलीत फोन लावायला सांगितला आणि आवाज मोठा केला. “सकाळपासून सांगतोय,” म्हातारा खेकसला, “पण इथं ऐकतंय कोण? बहिरा मी आहे की तुम्ही?” डबेवाल्या बायका हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक बडा ठेकेदार उठला. “एक विचारू? हा खांब रोवला कुणी होता? कुणाच्या चुकीमुळे आमची कामं बंद करताय, ते तरी कळू द्या.”

 पट्टीबाईने मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनीच पाहिलं असतं.

“मी,” ती म्हणाली. “मी उभी राहून रोवून घेतला.”

“कुणाकडून?”

“होता कुणीतरी मजूर. आठवत नाही.”

“आणि आज मोजलं कुणी?”

“मीच.”

एक म्हातारे सभासद चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, “बाई, मी तुम्हाला ओळखतो. वीस वर्षांपूर्वीचा आकडा विचारला तर तुम्ही झोपेत सांगाल. आणि माणूस आठवत नाही?”

“नाही आठवत,” ती म्हणाली, आणि तिचे कान तापले. खरं सांगायला म्हणून आलेली बाई दहा मिनिटांत खोटं बोलून मोकळी झाली होती. मागे कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दीर उठून बाहेर निघाला होता. गेला, तिच्या मनात आलं. आता तो पुन्हा दारात पाऊल टाकायचा नाही. ती पुढचं काही नीट ऐकूच शकली नाही. अर्ध्या तासाने हात वर झाले, मोजले गेले. आजपासून पाणी चौथ्या दिवशी. जोतं नसलेली बांधकामं बंद. तरंगते पंप तातडीने. बांधकामवाले आरडाओरडा करत उठले, बायकांनी डबे वाजवले, आणि दोन्ही बाजूंनी तिला शिव्या मिळाल्या. त्यांच्या काम बंद झाल्याबद्दल, यांच्या पाणी चौथ्या दिवसावर गेल्याबद्दल.

व्हरांड्यात साहेबांनी तिला गाठलं. “चौकशी होणार बाई. तोवर तुम्ही कामावर यायचं नाही,” ते म्हणाले. चार पावलं गेले आणि परत आले. “म्हणजे... उद्याचा आकडा तेवढा वाचून द्या. दुसऱ्या कुणाला ते समजणार नाही. परवापासून बघू.”

“एकवीस वजा करून सांगू की न करता?” तिने विचारलं.

“करून,” साहेब म्हणाले, आणि घाईने निघून गेले.

पायऱ्यांवर दीर बसला होता. ती त्याच्यापासून दोन पायऱ्या वर थांबली.

“कारकुनाकडे गेलो होतो,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “सभेच्या वहीत लिहायला लावलं. खांब रोवणारा मी, मोजणारा मी. सही करून आलो.”

“अहो!” पट्टीबाई जवळजवळ किंचाळली. “कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? एवढ्या लोकांसमोर मी तोंड वर करून खोटं बोलले, ते काय हौसेने? आता या शहरात कोण तुम्हाला वीट लावू देणार?”

“वीट लावायचीच बंदी आहे, वहिनी,” तो म्हणाला. “जोतं नसलेल्या सगळ्यांनाच.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही आवरता आवरता ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. त्याच्या पाठीवर नळीतल्या पाण्याचा वाळलेला डाग अजून दिसत होता. तिने त्याला थोबाडीत मारली नाही, जवळही घेतलं नाही.  तिला त्याचा राग आला होता आणि त्याच्यावरून जीव ओवाळून टाकावा असंही वाटत होतं.

“माणसांना सांगितलंत?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“नाही. काय सांगू? तुम्ही येईपर्यंत थांबलो.”

“चला. मी येते.”

“तुम्ही कशाला? चिडलेली असतील ती.”

“बंद मी पाडलंय ना? मग चला.”

साइटवर सकाळचा माल तसाच कालवलेला पडला होता आणि दगडासारखा घट्ट झाला होता. बावीस माणसं आणि त्यांची लेकरं सळयांच्या रांगेपाशी बसली होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, ते त्यांच्या तोंडांवरून कळत होतं.  मग पट्टीबाईच पुढे झाली आणि पाण्यापासून खांबापर्यंत सगळं सांगितलं, कुणालाही पाठीशी न घालता, स्वतःलाही नाही.

कुणी ओरडलं नाही. तिने शिव्या खायची तयारी केली होती. एक म्हातारी मजूर बाई, कडेवर नातवंड घेतलेली, उठून तिच्यासमोर आली. तिने पट्टीबाईच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“बाई, तुम्ही रोज सांगता ते आम्ही रेडिओवर ऐकतो,” ती म्हणाली. “मग आता सांगा ना. आम्ही इथं थांबायचं की गाठोडी बांधायची? किती दिवस?”

सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. दीरसुद्धा बघत होता. पट्टीबाईला उत्तर द्यायचं होतं, काहीतरी आकडा, महिना, दोन महिने, म्हातारीला रात्री झोप लागेल असं काहीही. तिच्या ओठांवर आलाही होता. तिने तो गिळला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली, नातवंडाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गाठोडं बांधायला गेली.